देशाची नीती ढासळते तेव्हा ख्रिस्ती श्रद्धेनं सुरुवात कुठून करायची?

वाटसरू (धागाकर्ता)

देशात लाचलुचपत बोकाळली, माणसं एकमेकांकडे संशयानं बघायला लागली, दुबळ्यांना कुणी वाली उरला नाही, की ख्रिस्ती मंडळ्यांतून राष्ट्रासाठी उपास-प्रार्थना जाहीर होते. तिथं हमखास वाचलं जाणारं वचन म्हणजे २ इतिहास ७:१४. माझ्या नावाचे लोक दीन होऊन प्रार्थना करतील, माझं मुख शोधतील, आपल्या वाईट मार्गांपासून फिरतील, तर मी ऐकेन, क्षमा करीन आणि त्यांचा देश बरा करीन, असा त्याचा आशय.

या वचनावर माझा जीव आहे, म्हणूनच हा धागा. शलमोनानं मंदिराचं समर्पण केलं, त्यानंतर रात्री देवानं त्याला दिलेलं हे उत्तर आहे. ते कुणाला उद्देशून आहे? "माझ्या लोकांना." वाईट मार्ग सोडायचे आहेत तेही त्यांनीच. आणि आपल्या प्रार्थनासभांत मात्र यादी निघते ती राजकारण्यांच्या पापांची, सिनेमावाल्यांच्या पापांची, तरुण पिढीच्या पापांची. आपलं पाप शेवटच्या दोन मिनिटांत, "आमच्याही चुका क्षमा कर" इतक्यात आटोपतं.

मला असं वाटतं की राष्ट्राच्या नैतिक दुखण्यावर ख्रिस्ती श्रद्धेकडे खरोखर औषध आहे, पण ते आधी स्वतः घेतल्याशिवाय दुसऱ्याला देता येत नाही. देवाच्या घरापासून न्यायाला आरंभ होतो असं पेत्र लिहितो (१ पेत्र ४:१७). हे वचन राष्ट्रप्रार्थनेच्या फलकावर कधी लिहिलेलं दिसत नाही.

नहेम्याचा पाचवा अध्याय सावकाश वाचून बघा. यरुशलेमेच्या तटाचं काम चालू आहे, बाहेर शत्रू टपलेले आहेत, आणि ऐन त्या वेळी आतूनच आरडाओरडा उठतो. दुष्काळात धान्यासाठी शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण पडलेली. राजाचा कर भरायला कर्ज काढलेलं. मुलंमुली गुलामीत द्यायची वेळ आलेली. आणि सावकार कोण? परके नव्हेत, त्यांचेच भाऊबंद, त्याच देवाचे उपासक. नहेम्या संतापतो, मोठी सभा बोलावतो. तिथं तो म्हणतो की मी, माझे भाऊ आणि माझे चाकरही पैसा आणि धान्य उसनं देत आहोत, हे व्याज आता आपण सोडून देऊ. बघा, आरोप करणारा स्वतःला आरोपींच्या रांगेतून वगळत नाही. मग शेतं, मळे, घरं आजच्या आज परत करा, असं सांगतो. ते "हो" म्हणतात, तर तेवढ्यावर भागवत नाही. याजकांना बोलावून शपथ घ्यायला लावतो. स्वतःचा पदर झटकतो आणि म्हणतो, जो हे वचन पाळणार नाही त्याला देव असाच घरादारातून झटकून टाको.

तट पुढे ५२ दिवसांत उभा राहिला, हे आपण उत्साहानं सांगतो. मध्येच ही कर्जमाफी झाली होती, हे फारसं कुणी सांगत नाही. शिवाय १२ वर्षं सुभेदार असूनही त्यानं हक्काचा सरकारी शिधा घेतला नाही, लोकांवर आधीच भार फार होता म्हणून.

बाप्तिस्मा करणारा योहानही तसाच (लूक ३). लोक विचारतात, आम्ही काय करावं? तो त्यांना राष्ट्राच्या अधःपतनावर व्याख्यान देत नाही. दोन अंगरखे असतील तर एक द्या. जकातदारांना: ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना: दमदाटीनं पैसे उकळू नका, खोटे आळ घेऊ नका, पगारात समाधान माना. ज्याचं पाप जिथं त्याच्या धंद्यात, त्याच्या हुद्द्यात, तिथंच बोट ठेवलं आहे.

आता याच्या उलट काय होतं त्याचं एक उदाहरण. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाचं सरकारी धोरण आलं १९४८ नंतर. पण १८५७ मध्येच तिथल्या डच रिफॉर्म्ड मंडळीच्या केप प्रांतातल्या सिनडनं (धर्मसभेनं) एक ठराव केला होता. सर्वांनी एकत्र उपासना करणं हेच शास्त्राला धरून आहे, असं त्यात मान्य केलं. आणि लगेच पुढे म्हटलं की काहींच्या "दुर्बलतेमुळे" अडचण येत असेल तर वेगळी उपासना चालेल. दुर्बलता म्हणजे काय, तर गोऱ्या सभासदांना सावळ्या माणसाशेजारी बसून प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याचा विधी) घेणं जड जात होतं. १८८१ मध्ये सावळ्यांसाठी वेगळी मिशन मंडळीच निघाली. प्रभूच्या मेजापाशी दिलेली ही सवलत पुढे सवय झाली, मग शिकवण झाली, आणि पुढे संसदेत कायदे आले तेव्हा त्यांना बायबलचा आधार द्यायला ईश्वरविज्ञानाचे पंडित तयारच होते.

म्हणजे राष्ट्राचं पाप बाहेरून मंडळीत शिरलं असं दरवेळी नसतं. कधी कधी त्याची पहिली तालीम मंडळीतच होते. तुम्हाला काय वाटतं? विश्वासणारे आणि न मानणारे, दोघांचीही मतं हवी आहेत.

---

निरीश्वर

धागा आवडला, कारण नेहमीसारखं "ख्रिस्ताकडे या, देश सुधारेल" इतक्यावर थांबला नाही. मी देव मानत नाही, म्हणून दोन शंका स्पष्ट मांडतो.

पहिली. तुम्ही दिलेलं उदाहरण एकटं नाही. १९९४ चा रवांडातला वंशसंहार घ्या. लोकसंख्येतले बहुसंख्य ख्रिस्ती. मारणारे आणि मरणारे एकाच चर्चमध्ये बसलेले. न्यामाटा, न्तारामा इथं लोक जीव वाचवायला चर्चमध्ये शिरले आणि तिथंच त्यांची कत्तल झाली. त्याही आधी, बार्बाडोसमधल्या कॉडरिंग्टन मळ्यांवर इंग्लंडच्या चर्चशी जोडलेल्या सुवार्ताप्रसारक संस्थेची मालकी होती आणि तिथल्या गुलामांच्या छातीवर तापल्या लोखंडानं "सोसायटी" असा शब्द डागला जायचा. इतकी खोल श्रद्धा असलेल्या समाजांत हे होत असेल तर श्रद्धा नक्की कशावर औषध आहे?

दुसरी. आधी आपलं घर साफ करा, हे सांगायला देव कशाला हवा? कुठलाही सरळ माणूस हेच सांगेल.

---

सांजवारा

वाटसरू, नहेम्याच्या त्या सभेबद्दल विशेष आभार. आमच्याकडे त्या पुस्तकावर जितके उपदेश ऐकले ते सगळे नेतृत्व आणि नियोजन यावरच.

माझी भर एवढीच, की पापांगीकार हाही फार सोयीचा होऊ शकतो. ऑक्टोबर १९४५ मध्ये जर्मनीतल्या प्रोटेस्टंट पुढाऱ्यांनी श्टुटगार्टला अपराधाची कबुली दिली. आम्ही अधिक धैर्यानं साक्ष दिली नाही, अधिक निष्ठेनं प्रार्थना केली नाही, अधिक प्रेम केलं नाही, असा तिचा सूर. सही करणाऱ्यांत मार्टिन नीमोलर होते, हिटलरच्या छळछावण्यांत वर्षानुवर्षं काढलेला माणूस. ज्यानं सोसलं तोच कबुली देतो, याचं मोल मला फार वाटतं. त्या काळात अनेक जर्मनांना तेवढंही पटलं नाही, आपलीच शहरं बेचिराख झालेली असताना माफी कसली, असं ते म्हणत. आणि तरी त्या मजकुरात ज्यू लोकांचा नावानं उल्लेखच नाही. ज्यांचा जीव गेला त्यांचं नाव न घेता केलेली कबुली अर्धीच राहते.

म्हणून मला लूकच्या शुभवर्तमानातला श्रीमंत जकातदार जक्कय महत्त्वाचा वाटतो. येशू घरी आला म्हणून तो रडला वगैरे लूक सांगत नाही. तो उभा राहून आकडे सांगतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि कुणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत. त्यानंतर येशू म्हणतो की आज या घराला तारण प्राप्त झालं. आपल्या राष्ट्रप्रार्थनांत अश्रू असतात, आकडे नसतात.

---

वाटसरू (धागाकर्ता)

@सांजवारा, "आकडे नसतात" हे अगदी वर्मावर बोट.

@निरीश्वर, तुमची दोन्ही उदाहरणं खरी आहेत आणि ती सौम्य करून सांगण्याची माझी इच्छा नाही. रवांडाच्या कॅथलिक बिशपांनी जाहीर क्षमा मागितली ती २०१६ मध्ये, २२ वर्षांनी. कॉडरिंग्टनबद्दल इंग्लंडच्या चर्चनं खेद व्यक्त केला २००६ मध्ये. इतका उशीर झाला, आणि तोही या आरोपाचाच भाग आहे.

पण त्याच गुलामगिरीच्या इतिहासात दुसरंही घडलेलं आहे, तेही बघू. अमेरिकेतल्या क्वेकर पंथात अनेक सधन घरांत गुलाम होते. जॉन वूलमन नावाचा एक साधा माणूस त्यांच्या घरोघरी जाऊन, शेजारी बसून, हळू आवाजात बोलत राहिला. मुक्काम पडेल तिथं ज्या गुलामांनी त्याची सेवा केली त्यांच्या कामाचे पैसे तो देऊ करायचा. यजमानाला किती अवघडल्यासारखं होत असेल! भाषण झटकून टाकता येतं, पण आपल्याच घरात आपल्याच गुलामाला पाहुण्यानं मजुरी दिली तर काय करणार? अशी वर्षं गेली. १७७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेनं गुलाम बाळगायला सभासदांना बंदीच केली. वूलमन त्याआधी १७७२ मध्येच वारला होता. आणि १७८७ मध्ये लंडनमध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध समिती बनली तेव्हा तिच्या पहिल्या १२ सभासदांपैकी ९ क्वेकर होते. क्रम लक्षात घ्या: आधी आपलं घर, मग संसद. संसदेसमोर उभे राहिले तेव्हा त्यांना गप्प करायला कुणाकडे काही नव्हतं.

तुमची दुसरी शंका. नीती ही श्रद्धावंतांची मक्तेदारी आहे असं मी म्हणणार नाही, बायबलही म्हणत नाही. आमोस संदेष्टा आधी दमास्कस, गाझा, सोर, अम्मोन अशा शेजारी राष्ट्रांचे अपराध मोजतो. त्यांना नियमशास्त्र मिळालेलं नव्हतं, तरी गरोदर बायकांची पोटं चिरू नयेत हे त्यांना कळायला हवं होतं, असं तो धरून चालतो. ऐकणारे माना डोलावतात, आणि मग तो यहूदा आणि इस्राएलाकडे वळतो.

मग श्रद्धेनं वेगळं काय मिळतं? माझ्या मते, खरं बोलण्याची ताकद. आपण दोषी आहोत हे उघड मान्य करणं माणसाला मरणासारखं वाटतं, राष्ट्राला तर त्याहून. म्हणून राष्ट्रं दोनच गोष्टी करतात: इतिहास पुसतात, नाहीतर दोष एखाद्या दुबळ्या गटाच्या माथी मारतात. क्रूसाकडे बघणाऱ्याला हे दोन्ही रस्ते बंद आहेत. तिथं पाप इतकं भयंकर दिसतं की त्याला लहान म्हणता येत नाही, आणि क्षमा इतकी खरी दिसते की लपवायचं कारण राहत नाही. बळीचा बकरा शोधायची गरजही उरत नाही, कारण तो बळी एकदाच देऊन झाला आहे. हे मी वादात जिंकायला सांगत नाही. मी याच्यावरच जगतो.

---

निरीश्वर

तुमचं शेवटचं म्हणणं समजलं, पटलं नाही. क्षमेची खात्री असेल तर माणूस अधिक निर्ढावतो असंही होऊ शकतं. पण वूलमनचा प्रसंग माहीत नव्हता. वाचीन.

---

कंदील

चर्चा छान चालली आहे, पण मला एक काळजी वाटते. "आधी आपलं घर" म्हणता म्हणता आपण कायमचे घरातच बसू. पीडित माणूस मंडळीचं शुद्धीकरण पूर्ण होईपर्यंत वाट बघत बसणार का? जमैकाचा सॅम शार्प स्वतः गुलाम होता आणि बाप्टिस्ट मंडळीत डीकन (सेवक-पुढारी) होता. कुणीही दोन धन्यांची सेवा करू शकत नाही, हे वचन त्याला उमगलं आणि १८३१ च्या नाताळानंतर हजारो गुलामांनी काम थांबवलं. त्याचा मोठा उठाव झाला, तो चिरडला गेला, १८३२ च्या मे महिन्यात शार्पला फाशी दिलं. पुढच्याच वर्षी ब्रिटिश संसदेनं गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला. आपण संसदेत गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या विल्बरफोर्सचं नाव घेतो, शार्पचं घेत नाही.

तेव्हा कायदा हवाच. (त्याच कायद्यात २ कोटी पौंड भरपाई दिली, ती मालकांना. गुलामांना छदामही नाही. सांजवारा म्हणतात ते आकडे तिथं उलटे पडले.)

---

वाटसरू (धागाकर्ता)

कंदील, शार्पचं नाव आणलंत, फार बरं झालं. तो माझ्या म्हणण्याच्या विरोधात नाही. ज्याच्यावर अन्याय होतो त्याला आधी आत्मपरीक्षण कर असं सांगणं हाच अन्याय आहे. निर्गमातही देव गुलामांचा आक्रोश ऐकतो, त्यांच्या पापांची यादी मागत नाही. घर साफ करायला मी सांगतो आहे ते ज्यांच्या हातात चाबूक, तिजोरी किंवा व्यासपीठ आहे त्यांना.

कायद्याबद्दलही तुमच्याशी सहमत, फक्त एक भेद करतो. बलवानाचा हात धरणारा कायदा एक, आणि दुसऱ्याच्या वागण्यावर पहारा बसवून आपण धार्मिक ठरू असं मानणारा कायदा वेगळा. अमेरिकेतली दारूबंदी १९२० मध्ये अमलात आली. तिच्यामागे मंडळ्यांची मोठी चळवळ होती, आणि दारूनं घरं उद्ध्वस्त झालेल्या बायकांचं दुःख त्यात होतं, ते खरं होतं. पण चोरटा धंदा आणि टोळ्या माजल्या आणि १९३३ मध्ये ती घटनादुरुस्ती मागे घ्यावी लागली. सत्तेनं माणसाचं मन फिरवता येत नाही. सत्तेला मात्र न्यायाच्या मर्यादेत ठेवता येतं, आणि तेवढं केलंच पाहिजे.

---

जुना_वाचक

सत्तेचा विषय निघालाच आहे तर रोमकरांस १३ बद्दलही बोला. अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, हे वचन दाखवून मंडळ्यांना गप्प बसवलं जातं. याच पौलाच्या वचनावर बोट ठेवून वर्णभेदाचं समर्थन होत होतं, आणि १९८५ च्या कैरोस दस्तऐवजात दक्षिण आफ्रिकेतल्याच ख्रिस्ती लोकांनी त्याला "राज्याचं ईश्वरविज्ञान" म्हणून झोडपलं. तोच नवा करार प्रकटीकरण १३ मध्ये सत्तेला समुद्रातून वर येणारं श्वापद म्हणतो. आणि प्रेषितांची कृत्ये ५:२९ आहेच, माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे.

इ. स. ३९० मध्ये सम्राट थिओडोसियसच्या हुकमानं थेस्सलनीकात हजारोंची कत्तल झाली. मिलानचा बिशप अँब्रोज यानं त्याला कळवलं की पश्चात्ताप केल्याशिवाय तुम्हाला प्रभुभोजन मिळणार नाही. सम्राट ख्रिस्ती, राज्य ख्रिस्ती, आणि तरी "नाही" म्हणणारा बिशप होता. थिओडोसियसनं राजवस्त्रं उतरवून चर्चमध्ये पश्चात्ताप केला. माझ्या मते मंडळीचं राष्ट्रावरचं सगळ्यात मोठं ऋण हे "नाही" म्हणणंच आहे.

---

वाटसरू (धागाकर्ता)

जुना_वाचक, हे उदाहरण धाग्याला हवंच होतं. १८५७ ला ज्या मेजापाशी सवलत दिली गेली, ३९० ला त्याच मेजापाशी सम्राटाला अडवलं गेलं. मंडळीच्या हाती सैन्य नाही, तिजोरी नसली तरी चालते. पण तिथं कोण बसणार आणि कशाच्या आधारावर, हे तिच्या हाती आहे. दक्षिण आफ्रिकेतही उलटा प्रवास तिथूनच झाला. ज्यांना वेगळं बसवलं होतं त्याच मिशन मंडळीनं १९८२ मध्ये बेल्हार विश्वासकथनाचा मसुदा केला, १९८६ मध्ये तो स्वीकारला. माणसांना वंशावरून वेगळं करणं सुवार्तेच्याच विरोधात आहे, असं तिनं ठणकावून सांगितलं. हाकललेल्यांनी हाकलणाऱ्यांना शिकवलं.

पुढे १९९० मध्ये रस्टेनबर्गच्या परिषदेत विली योंकर हे गोऱ्या डच रिफॉर्म्ड मंडळीतले प्राध्यापक उभे राहिले. त्यांनी स्वतःचा अपराध आणि आपल्या मंडळीचा अपराध कबूल केला. वर्णभेदाविरुद्ध लढणारे काळे आर्चबिशप डेस्मंड टूटू यांनी तिथल्या तिथं क्षमा केली. इतक्या झटपट का केली, म्हणून त्यांच्यावर त्यांच्याच लोकांची टीकाही झाली, आणि ती टीका मला समजते. पण काही वर्षांतच त्याच टूटूंच्या अध्यक्षतेखाली सत्य आणि समेट आयोग बसला. त्याच्या कामात मारेकऱ्यांना माफी मिळू शकत होती, मात्र काय केलं ते पूर्ण सांगितल्यावरच. भरपाईच्या बाबतीत तो आयोग तोकडा पडला, हेही तितकंच खरं. जक्कयाचं चौपट तिथं कुणी दिलं नाही.

---

शेवंती

मी आतापर्यंत नुसती वाचत होते. सम्राट, संसद, आयोग हे सगळं ठीक आहे. आमची मंडळी जेमतेम चाळीस-पन्नास कुटुंबांची. पुढच्या महिन्यात राष्ट्रासाठी उपास-प्रार्थना आहे आणि महिला मंडळाच्या वतीनं तासभर चालवायची जबाबदारी माझ्यावर आहे. मी त्या तासात काय करू? मोठं काही नको, करता येईल असं सांगा.

---

सांजवारा

शेवंतीताई, लूक ३ घ्या. प्रार्थनेचे विषय देशातल्या बातम्यांवरून न काढता तिथल्या तीन प्रश्नांवरून काढा. जास्तीचं काय आहे, ठरल्यापेक्षा जास्त काय घेतो, कुणाला दमात ठेवतो. प्रत्येकानं मनात उत्तर द्यावं, मोठ्यानं बोलायची सक्ती नको. जाहीर कबुलीचा तमाशा होतो आणि दुबळी माणसंच त्यात भरडली जातात. बाईला नवऱ्याच्या माराबद्दल "क्षमा कर" असं सगळ्यांसमोर सांगितलं गेलेलं मी पाहिलं आहे. ते तुमच्या तासात होऊ देऊ नका.

---

वाटसरू (धागाकर्ता)

शेवंतीताई, सांजवारांचा शेवटचा मुद्दा सगळ्यात आधी लक्षात ठेवा.

मी त्यात याकोब ५:४ जोडीन: मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी जाते. तुमच्या चाळीस-पन्नास कुटुंबांत कुणाकडे घरकामाला बाई येत असेल, कुणाच्या हाताखाली चार माणसं असतील. त्यांची मजुरी वेळेवर आणि पुरेशी आहे का, हा राष्ट्रीय प्रश्नच आहे, फक्त तो तुमच्या आवाक्यातला आहे. शिवाय मंडळीचा स्वतःचा झाडूवाला, राखणदार, पियानो वाजवणारा मुलगा यांना काय मिळतं तेही विचारा.

दुसरं, जमलं तर त्या दिवशी मंडळीचा जमाखर्च सगळ्यांसमोर वाचला जावा. भ्रष्टाचाराविरुद्ध प्रार्थना करणाऱ्या मंडळीचे हिशोब दोघातिघांनाच ठाऊक असणं बरं दिसत नाही.

---

शेवंती

हिशोबाचं पाळकांना विचारायला थोडी भीती वाटते, खोटं कशाला बोलू. खजिनदार त्यांचे मेहुणे आहेत. पण आमच्या राखणदाराला गेली कित्येक वर्षं पगारवाढ नाही हे मला माहीत आहे, आणि बायकांपैकी बऱ्याच जणींना माहीत आहे. तो विषय आम्ही पंचमंडळाकडे लेखी देऊ शकतो, पाच-सहा जणींच्या सह्या सहज मिळतील. लूक ३ आणि याकोब ५ घेते.

---

जुना_वाचक

ताई, अर्जात पगारवाढ कोणत्या महिन्यापासून हवी ते स्पष्ट लिहा, आणि मागची थकबाकीही मागा. पंचमंडळाच्या पोचेची प्रत जवळ ठेवा.

---

शेवंती

लिहिते. थकबाकीचं सुचलं नव्हतं. काय झालं ते इथंच कळवीन.